अडतीस ग्रॅम ताट

यंदाचा कोबीराजा मी झालो. हे वाक्य तुम्ही वाचलंच नाही असं समजू, कारण कार्यालयाच्या नोंदीत असं काही घडलेलं नाही.

तर, फेब्रुवारीतला शनिवार. उत्तर जर्मनीतल्या ओल्डेनबुर्गच्या बाहेर आमच्या प्रयोगशाळेची दर हिवाळ्यातली कोबीसहल निघाली होती. हातगाडीत श्नाप्सच्या, म्हणजे कडक दारूच्या, बाटल्या, प्रत्येकाच्या गळ्यात दोरीला बांधलेला पेला. सात किलोमीटर वारा खायचा, मग खानावळीत हिरवी कोबी आणि पिंकेल सॉसेज. जेवणाआधी आणि जेवणानंतर बटाटे तोलायच्या काट्यावर उभं राहायचं. ज्याचं वजन जास्त वाढलं तो राजा. राजाच्या गळ्यात डुकराचा जबडा घालतात, ते सगळीकडेच. आमच्याकडे शिवाय त्याला वर्षभर प्रयोगशाळेतले काचेचे चंबू धुवावे लागत नाहीत.

ताटा-पेल्यांतून अन्नात काय उतरतं ते मोजणं हा आमचा धंदा. तेलकट अन्नाऐवजी आम्ही भांड्यात ऑलिव्ह तेल ओततो, आंबटाऐवजी आम्ल, दारूऐवजी मद्यार्क. तेलाचे चंबू गेली तीन वर्षं मी धुतोय. स्वप्नातसुद्धा माझ्या हातातून घसरतात.

आमच्यातल्याच गेशेने तपासणीतून उरलेली गव्हाच्या कोंड्याची ताटं आणली होती. "पर्यावरणाला चांगली. शिवाय खाताही येतात, असं पाकिटावर लिहिलंय."

आम्ही सगळ्यांनी आपापलं ताट तोलून घेतलं. ही सवय आहे, इलाज नाही. माझं शंभर ग्रॅम भरलं. माझ्या शेजारच्या टेबलावर काम करणाऱ्या हिल्कोने मात्र पिशवीतून स्वतःची स्टीलची थाळी काढली.

"काय रे, भ्यालास?" मी विचारलं.

"ओन्नो, स्टील कुठे जात नाही," तो म्हणाला.

मग मी जेवलो. जेवलो म्हणजे काय, तुटून पडलो. गरम चरबी, मोहरीची आंबट चटणी, वर सांडलेला श्नाप्स! अख्खी प्रयोगशाळा माझ्या ताटात उकळत होती. चौथ्या वाढपाला कोबीला ताज्या पावाची आणि किंचित डिंकाची चव येऊ लागली. मला वाटलं, आचारी रंगात आलाय.

काट्यावर हिल्को एक किलो सहाशे दहा ग्रॅमने वाढला होता. मी एक किलो सहाशे चाळीस! जबडा गळ्यात पडला, मी बाकावर चढलो, चंबूंना जाहीर निरोप दिला, खानावळीच्या मालकिणीचं चुंबन घेतलं आणि मग तिच्या नवऱ्याचंही, उगाच भेदभाव नको.

"ओन्नो," गेशे माझं ताट दिव्यासमोर धरून म्हणाली, "यातून तू दिसतोयस."

आमच्या विभागप्रमुख डॉक्टर उबेनबाई उठल्या. ताट पुसलं, मालकिणीच्या भट्टीत वाळवलं, तोललं. बासष्ट ग्रॅम.

"अडतीस ग्रॅम उतरलंय," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज भरून आला होता. "आपण इथे मिलिग्रॅमसाठी भांडतो! एवढं मी तीस वर्षांत पाहिलं नाही."

"म्हणजे एक किलो सहाशे दोन," हिल्कोने वजाबाकी केली आणि हात पुढे केला. "जबडा दे."

"बाई, पाकिटावर 'खाण्याजोगं' लिहिलंय!"

"खाण्याजोगं लिहिलंय. कोबी लिहिलेलं नाही."

"पण ते माझ्या पोटात आहे!"

"तोच तर दोष आहे, ओन्नो. तुम्ही नमुना म्हणून उत्कृष्ट आहात. राजा म्हणून बाद."

जबडा हिल्कोच्या गळ्यात गेला. गेशेने माझ्या पेल्यात श्नाप्स ओतला आणि कानात म्हणाली, "रडू नकोस, मीठ उतरेल." मी इतका हसलो की त्या अडतीसपैकी निदान दोन ग्रॅम परत येतील असं वाटलं.

सोमवारी धुण्याच्या खोलीत चाळीस तेलकट चंबू माझी वाट पाहत होते. मी हात पुसून खुर्चीवर बसलो आणि लिहिलं:

प्रति, विभागप्रमुख. महोदया, पुन्हा पुन्हा वापरायच्या भांड्याची चाचणी तीनदा होते आणि तिसरा निकाल ग्राह्य धरला जातो, हे आपण जाणताच. अर्जदार दर फेब्रुवारीत वापरला जातो. तरी अर्जदारास पुनर्वापराचे भांडे घोषित करून त्याच्यात आणखी दोन वेळा, विभागाच्या खर्चाने, कोबी भरण्यात यावी, आणि तिसरा निकाल हाती येईपर्यंत सर्व चंबू आहेत तसे तेलकट ठेवण्यात यावेत, ही नम्र विनंती.