केझायाचे चिकटलेले पान

मित्रांनो, मी एक जुना ग्रंथ आहे. छापले मला बायबल म्हणून, पण स्पूनरांच्या घरात माझा मान होता तो मधल्या कोऱ्या पानांमुळे. घरातले जन्म, लग्ने, मृत्यू तिथे लिहीत. माझ्यात ज्याचे नाव तो स्पूनर, बाकी सगळे परके. त्या मानाने मी शेफारलो होतो, हे आधीच कबूल करतो.

दोनशे वर्षांपूर्वी अमेरिकेत कनेक्टिकटला एलिफलेट स्पूनरांची अकरा महिन्यांची केझाया वारली. पुढच्या मुलीला त्यांनी तेच नाव ठेवले, तशी रीतच होती. तिचा जन्म मात्र लिहिला नाही.

"नाव आहे की बायबलात. शाई कशाला फुकट घालवायची?" ते बायकोला, टॅबिथाला म्हणाले.

ही केझाया नऊ वर्षांची झाली आणि घर दूर पश्चिमेला ओहायोला निघाले. गाडीत सहा मुलगे, नांगर आणि मी. केझायाला शेजाऱ्यांकडे कामाला ठेवले, अठरा वर्षांची होईपर्यंत. निघण्याआधी टॅबिथाने तिचा पंजा माझ्या कोऱ्या पानावर ठेवून भोवती रेघ ओढली. वाटेत ती रोज ते पान उघडून रडत बसे. शेवटी एलिफलेटनी पिठाची खळ करून ते पान शेजारच्या पानाला चिकटवून टाकले.

मुलगे पुढे इंडियाना, कॅन्ससपर्यंत पांगले. मी थोरल्याच्या घरी राहिलो. पूर्वजांचा माग काढत त्यांची पतवंडे येत आणि 'केझाया, अकरा महिन्यांची वारली' एवढेच उतरवून नेत. माझ्यात एक अक्षर खोटे नव्हते. तरी मला स्वतःची लाज वाटे.

मग कनेक्टिकटची आर्डिथ येऊ लागली. ती त्या मागे राहिलेल्या केझायाच्या वंशातली. यंदा कुळाच्या मेळाव्याला ती तिसऱ्यांदा आली होती.

"मेलेल्या बाळाला नातवंडं होत नाहीत, आर्डिथबाई," मला सांभाळणारा, थोरल्याच्या वंशातला व्हर्लिन फळांची गोड पाई कापता कापता म्हणाला. "घ्या, पीच आहे."

"माझी आई चौऱ्याण्णव वर्षांची आहे. स्वतःला स्पूनर म्हणवणारी आपली खापरपणजी खोटारडी होती का, एवढंच तिला मरायच्या आत कळायला हवंय." आर्डिथ माझी पाने चाचपत होती. "हे पान एवढं जाड का हो?"

व्हर्लिनने सुरी पुसली आणि हलकेच आत सारली. जुनी खळ कडकड सुटली. आत चिमुकला पंजा होता, खाली टॅबिथाचे अक्षर: 'केझाया, वय नऊ. मागे ठेवली.'

व्हर्लिनने सुरी खाली ठेवली. मग म्हणाला, "आईला फोन लावा. मी सांगतो त्यांना. चूक आमची आहे."

पलीकडून म्हातारीने एकच विचारले, "हात केवढा होता रे?"

व्हर्लिनने आपला तळवा पानावर ठेवला. "माझ्या तळव्यात मावेल एवढा, आजी."

मित्रांनो, असे ग्रंथ शेवटी सांगतात की आम्हाला जपा. मला ते म्हणवत नाही. दोनशे वर्षे मला सगळ्यांनी कापडात गुंडाळून जपले. जपायची होती ती पोर.