गुळगुळीत रेघ

समिधाने काल दुपारी सुरू केलेलं सिम्युलेशन आज सकाळी ती ऑफिसला आली तरी तीन टक्क्यांवरच होतं. स्क्रीनवर तोच इशारा परत परत उमटत होता: टाइमस्टेप, म्हणजे गणित वेळेत पुढे टाकतं ते पाऊल, फार लहान.

अल क्वोजमधल्या त्या छोट्या कंपनीत फुजैराच्या तेलटाक्यांसाठी गॅसगळतीचा अलार्म बनत होता. सेन्सरचा बारीक सिग्नल मोठा करणारा अ‍ॅनालॉग भाग समिधाचा. त्यावरून अलार्म वाजवायचा की नाही, हे ठरवणारा डिजिटल भाग हारुनचा. बोर्ड बनवायला पाठवण्याआधी दोन्ही भाग कॉम्प्युटरवर एकत्र चालवून बघायचे होते, आणि ते चालतच नव्हते.

"झालं का?" हेमचंद्र सरांनी केबिनच्या दारातून विचारलं.

"नाही सर."

"मी टॉलरन्स कडक केला होता ना?"

"त्याने अजून हळू झालंय."

"मग सैल कर."

"तेही केलं."

सर मान हलवत आत गेले. आठवडाभर हेच चाललं होतं. जो यायचा तो सेटिंगमधला एखादा आकडा बदलायचा आणि निघून जायचा. वैतागून समिधाने सगळे टॉलरन्स, म्हणजे गणितात चालणाऱ्या चुकीच्या मर्यादा, पुन्हा मूळ आकड्यांवर आणले आणि सर्किटचे तुकडे पाडले. नुसता अ‍ॅनालॉग भाग झटकन चालला. नुसता डिजिटलही. जोडले की अडकायचे.

मग तिने जोड तपासला आणि उठून हारुनच्या टेबलाशी गेली. हारुन मूळचा खेडचा, पण शिकला-वाढला शारजात.

"तुझा क्लॉक सिग्नल माझ्या भागात कशाला आलाय?"

हारुनने स्क्रीनकडे पाहिलं. "अच्छा, ही वायर. टेस्टसाठी जोडली होती. राहून गेली."

"आणि तो शून्य वेळात वर-खाली होतो."

"डिजिटलमध्ये तसंच असतं गं."

"माझ्याकडे नसतं. अशा प्रत्येक उडीला गणित सोडवणारा सॉल्व्हर थांबतो, मागे जातो, मुंगीच्या पावलांनी परत येतो. सेकंदाला लाखो उड्या मारतोय तुझा क्लॉक."

"मला विचारायचंस ना."

"विचारलं होतं. माझ्या बाजूला सगळं ओके आहे म्हणालास."

"माझ्या बाजूला ओकेच होतं," तो शांतपणे म्हणाला.

यावर बोलायला गेलं तर तोंडून भलतंच निघेल, म्हणून समिधा परत फिरली. तिने ती वायर काढली, ज्या सिग्नलना खरंच पलीकडे जायचं होतं त्यांच्या उड्यांना थोडा उतार दिला, आणि रन पुन्हा लावला. कॅफेटेरियातून करक चहा येईपर्यंत तो संपलासुद्धा.

आलेखावर गुळगुळीत रेघ आली. सर खूष. "खलास. फॅक्टरीला पाठव."

समिधाने फाइल बंद करण्याआधी सेटिंगवरून एकदा नजर फिरवली. टॉलरन्स मूळचे होते, पण सॉल्व्हरची पद्धत कोणीतरी बदललेली होती.

"सर, मेथड तुम्ही बदललीत?"

"मागच्या आठवड्यात. स्पीडसाठी. का?"

"ही मेथड सिग्नलमधली थरथर स्वतःच दाबून टाकते. थरथर असली तरी दिसणार नाही."

तिने पद्धत बदलून रन लावला. टाकीजवळचा पंप सुरू होण्याच्या क्षणी रेघ कापरं भरल्यासारखी थरथरली आणि अलार्मच्या पातळीला दोनदा शिवून आली. गॅस नव्हताच, तरी अलार्म वाजला असता.

"ही तुझ्या मेथडची नाटकं आहेत," सर म्हणाले. "ती नसलेली थरथर दाखवते. सगळ्यांना माहितीये."

ते अगदीच चूक नव्हतं, म्हणून समिधाला जास्त राग आला. तिने सॉल्व्हरचं वेळेतलं पाऊल निम्मं केलं, मग त्याच्याही निम्मं. थरथर पद्धतीमुळे असती तर पावलाबरोबर बदलली असती. ती तसूभरही बदलली नाही, म्हणजे खरीच होती. सेन्सरपासून येणारी लांब केबल आणि बोर्डावरचा कपॅसिटर मिळून ती थरथर निर्माण करत होते.

"क्लायंटला कोण सांगणार?" सर म्हणाले. "वाजला एखाद्या वेळी, तर वाजला. न वाजण्यापेक्षा बरं."

समिधाचा नवरा सतीश फुजैराच्याच एका टर्मिनलवर शिफ्ट इंजिनिअर होता. गुरुवारी घरी आला की पहिला तासभर त्याचं हेच गाऱ्हाणं असायचं.

"सर, सतीशकडे असा एक अलार्म आहे," ती म्हणाली. "उगाच वाजतो. आता तो वाजला तर कोणी मान वर करून बघत नाही. दोन टाक्यांवर तर लोकांनी त्याचा भोंगाच काढून ठेवलाय. खरी गळती झाली तर काय होईल?"

सरांनी कपाळ चोळलं, खुर्ची ओढून तिच्याच टेबलाशी बसले आणि फोन लावला. क्लायंटकडच्या फिझा मॅडमना त्यांनी बोर्ड उशिरा येईल असं सांगितलं. कारण विचारल्यावर खरं कारणही सांगितलं. पलीकडून बरंच ऐकून घेतलं. "इन्शाल्ला, मॅडम," असं तीनदा म्हणून त्यांनी फोन ठेवला.

"मिळाली मुदत. खूप बोलल्या."

हारुन मागे येऊन उभा होता. "डिजिटलमध्ये बारीक झटके गाळून टाकू का?"

"त्याने खरा अलार्मही उशिरा वाजेल. केबलच्या तोंडाशी एक रेझिस्टर टाकते, थरथर तिथेच जिरेल."

तिने रेझिस्टर टाकला, रन लावला. थरथर एकदा उठली आणि पातळीच्या बऱ्याच खाली विरून गेली.

"आता पाठवू?" सर म्हणाले.

"उन्हाळ्यात तिथे बोर्डाची पेटी किती तापते, ते कोणी धरलंय का?"

हारुनने वाकून सेटिंग पाहिलं; तिथे साध्या खोलीचंच तापमान होतं. समिधाने तो आकडा वाढवला आणि नवा रन लावला.