माह्याकडे तर चालते

जानरावशेठनी अकोल्याच्या अभ्यासिकेला संगणक दान केले, तेव्हा धामणगाव रेल्वे या गावाहून एक छोटा हत्ती टेम्पो भरून आला. त्यात संगणक होते एका कोपऱ्यात. बाकीची जागा मंडपाचं कापड, नारळ, शाली आणि शेठच्या वडिलांच्या भल्यामोठ्या बॅनरनं व्यापली होती. कुठलासा कोचिंग क्लास बंद पडला, त्याचं सामान शेठनी भंगाराच्या भावात उचललं, आणि तेच आता 'कै. शालिकरामजी यांच्या स्मरणार्थ संगणक संच' झालं होतं. संच म्हणजे नेटबुक. लॅपटॉप परवडत नसलेल्यांसाठी कंपन्यांनी एके काळी जे पाटीएवढे लॅपटॉप काढले होते, ते. फुकटच्या गाईचे दात मोजायचे नसतात, म्हणून कुणी मोजले नाहीत. या गाईला दातच नव्हते, तो भाग वेगळा.

रागिणीनं मात्र त्या दिवशी मनापासून टाळ्या वाजवल्या. कारकुनाच्या भरतीची लेखी परीक्षा ती पास झाली होती. आता राहिली होती मराठी टायपिंगची चाचणी, अमरावतीला, जून महिन्यात. दहा मिनिटांत दिलेला उतारा उतरवायचा. जिथं ती टायपिंग शिकली तो क्लास उठून गेला होता आणि घरी संगणक नव्हता. आई, लीलाबाई, भाजीबाजारात हार विकायची. घरात झेंडू होता, निशिगंध होता, कीबोर्ड नव्हता. मोबाइलवर ती अंगठ्यानं झपाझप लिहायची, पण सरकारला अंगठा फक्त सहीच्या जागी चालतो. पुढची जाहिरात कधी निघेल हे मंत्रालयालाही ठाऊक नव्हतं, आणि निघेपर्यंत रागिणीचं वय निघून जाणार होतं. तेव्हा हे नेटबुक चाललं तर नोकरी, नाही तर झेंडू.

अभ्यासिका चालवायचे शेषराव गुरुजी. निवृत्त मुख्याध्यापक. वस्तू वापरण्यापेक्षा जपण्यावर त्यांचा विश्वास. त्यांनी सगळी नेटबुकं कपाटात घातली, किल्ली जानव्याला अडकवावी तशी गळ्यात अडकवली आणि एकच बाहेर ठेवलं. "हे नीट चाललं का मंग बाकीचे काढू." शेठनी नेटबुकांना मरून रंगाची रेक्झिनची कव्हरं शिवून दिली होती. पडदा आणि कीबोर्ड तेवढे उघडे, बाकी अंगभर रेक्झिन, पाठीवर सोनेरी अक्षरांत वडिलांचं नाव. आमच्याकडे मिक्सरला कव्हर असतं, फ्रिजला असतं, रिमोटला तर दुकानातून आलेली प्लास्टिकची पिशवी तो मरेपर्यंत असते. त्यामुळे त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. उलट गुरुजी म्हणाले, "शेठचं काम पक्कं असते."

नेटबुक सुरू केलं. पडदा उजळेस्तोवर चहा उकळून, पिऊन, कप विसळून झाले. मग रागिणीला मामेभाऊ आठवला.

ललितदादाचं अमरावतीच्या राजापेठेत ट्यूशन क्लासच्या जिन्याखाली संगणकदुरुस्तीचं दुकान होतं. विंडोजच्या जागी फुकटात चालणाऱ्या लिनक्सवर त्याची जी भक्ती होती, ती देवावर असती तर एव्हाना त्याचा मठ झाला असता. गिऱ्हाईक यायचं विंडोज टाकायला, हा आधी त्याला तासभर उपदेश करायचा, आणि गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जायचं. रागिणीचा फोन आला तेव्हा त्याला वाटलं, आपला काळ आला. "एक पीस मले अमरावतीले पाठव. अशा जुन्या मशीनीसाठीच तं हलकं लिनक्स असते. पाखरावानी उडवतो." एका नेटबुकाचं कव्हर शिंप्याकडून यायचं राहिलं होतं, तेच तसं उघडंबोडकं एसटीनं अमरावतीला गेलं.

तिथं ते खरंच उडालं. ललितनं व्हिडिओ काढून स्टेटसला टाकला, जगभरच्या लिनक्सवाल्यांच्या गटात वृत्तान्त लिहिला, कुणा ब्राझीलच्या माणसानं त्याला लाइकचा अंगठा दिला. मग पेनड्राइव्ह पाकिटात घालून अकोल्याच्या कंडक्टरच्या हाती दिला आणि फोनवरून सांगत सांगत रागिणीकडून तेच लिनक्स तिच्या नेटबुकात टाकून घेतलं. सुरुवातीला मराठी अक्षरांच्या जागी चौकोन आले. फॉन्ट टाकल्यावर ते गेले. मग कीबोर्ड भलत्याच पद्धतीचा निघाला, तोही बदलला. ललितनं तिला पदवी देऊन टाकली: "आता तू आमची टेस्टर."

टेस्टरनं घड्याळ लावून पहिला उतारा सुरू केला. बोटं वळायला लागली, गती आली, आणि निम्म्याच्या थोडं पुढं नेटबुक गप्प झालं. पडदा काळा. पुन्हा सुरू केलं, पुन्हा तिथंच कुठंतरी मेलं.

"दादा, बंद पडून राहिलं."

"माह्याकडे तर चालते."

हे वाक्य रागिणीनं त्या उन्हाळ्यात इतक्यांदा ऐकलं की झोपेतही तिला ते ऐकू यायचं. ललितनं आधी लिनक्स बदललं. मग त्याच्याहून हलकं टाकलं. मग इतकं हलकं टाकलं की त्यात पडद्यावर काही चित्रच नव्हतं, नुसत्या ओळी. दर वेळी एक पेनड्राइव्ह एसटीनं यायचा. कंडक्टर आता रागिणीला नावानं हाक मारायला लागला होता. नेटबुक प्रत्येक लिनक्सला समान न्यायानं वागवत होतं: निम्मा उतारा झाला की बंद. गुरुजींच्या मते दोष विजेचा होता. आईच्या मते नजरेचा. ललितच्या मते, अर्थातच, रागिणीचा.

"तू काही दाबत अशीन."

"टायपिंग करून राहिली मी. त्यात दाबाच लागते, दादा."

शेवटी त्यानं तिला लॉग काढायला शिकवलं. लॉग म्हणजे मशीननं स्वतःविषयी लिहून ठेवलेली हकीकत. रागिणीनं फोटो पाठवला. त्यात मशीननं स्वच्छ शब्दांत लिहिलं होतं की तापमान हद्दीबाहेर गेलं आहे, म्हणून मी स्वतःला बंद करून घेत आहे. याहून सरळ बोलणारा पेशंट डॉक्टरला जन्मात मिळत नाही. ललितनं फोटो वाचला आणि निदान केलं.

"सेन्सर खोटं बोलून राहिला. या जुन्या मशीनीत तो आजार असतेच. माह्याकडे तर मशीन गारढोण हाय."

"इथी मशीनले हात लावला तं चटका बसते, दादा."

"अकोल्यात मे महिन्यात माणसाले हात लावला तरी चटका बसते."

उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याला एक मोठा फायदा असतो, शेळी मेली तर वास त्याच्यापर्यंत येत नाही. ललितनं फोनवर एकेक अक्षर सांगून तिच्याकडून एक आज्ञा लिहून घेतली. तिचा अर्थ एवढाच की, बाबा मशीन, तापमान काहीही असो, तू तिकडं लक्ष देऊ नको. मशीननं ऐकलं. त्या दिवशी नेटबुक बंद पडलं नाही. रागिणीनं पहिल्यांदा पूर्ण उतारा केला, मग दुसरा सुरू केला, आणि तिला इतका आनंद झाला की तिनं कूलर स्वतःकडून काढून नेटबुकाकडे वळवला. तिसऱ्या उताऱ्याच्या मध्यावर जळका वास आला. पडद्यावर एक आडवी रेघ उमटली आणि विझली. त्यानंतर ते नेटबुक कधीच सुरू झालं नाही.

गुरुजींनी त्याला दोन्ही हातांनी उचललं, कव्हरावरची धूळ पुसली आणि कपाटात ठेवलं. मग दुसरं बाहेर काढून तिच्यापुढं ठेवलं. ते बघून रागिणीला रडू कोसळलं. चाचणी तोंडावर आली होती, एक मशीन तिच्या हातून गेलं होतं, आणि फोनवर ललित तिला समजावत होता की हा हार्डवेअरचा दोष आहे, त्याच्या लिनक्सला डाग नाही.

"तुह्या लिनक्सची आरती कर तू," ती ओरडली. "मले आज्ञा सांगू नको आता. इथी ये. डोळ्यानं पाहा. नाई तं आत्याले सांग, तुही पोरगी आता जलमभर हारच विकते म्हून."

आत्या म्हणजे लीलाबाई. ललित लहानपणी सुट्ट्यांत तिच्याच घरी वाढला होता. ते वाक्य त्याला लागलं. दुसऱ्या दिवशी दुकानाचं शटर ओढून तो अकोल्याच्या बसमध्ये बसला. लॅपटॉपच्या बॅगेत त्यानं आणखी तीन प्रकारचं लिनक्स घेतलं होतं, कारण भक्त असा एका दिवसात सुधारत नसतो.

अभ्यासिकेत आला, टेबलाशी गेला, आणि उभा राहिला.

"हे काय घातलं याले?"

"कव्हर."

"कवापासून?"

"आले तवापासून. शेठनं शिवून देल्लं."

ललितनं नेटबुक उलटं केलं. खाली जिथं हवा आत जायची जाळी असते, तिथं रेक्झिन. डाव्या बाजूला जिथून गरम हवा बाहेर पडायची, तिथं दुहेरी शिवण. बिचाऱ्याला मे महिन्यात गळ्यापर्यंत रेक्झिनचा कोट चढवून, नाकातोंडाला पट्टी बांधून पळायला लावलं होतं. वर, गुदमरतो म्हणाला तर खोटारडा ठरवलं होतं.

"तू मले सांगतलं काहून नाई?"

"तू इचारलं काहून नाई? कव्हर काय सांगाची गोष्ट हाय? तुह्या घरी टीव्हीले नाई का?"

होतं. झालर लावलेलं. ललित खुर्चीवर बसला. बॅगेतली तिन्ही लिनक्सं बॅगेतच राहिली.

रागिणीनं पिशवीतून हाराचा दोरा कापायची कात्री काढली. गुरुजी मध्ये आले.

"पोरी, थांब. कव्हर काढू नये, असं शेठनं बजावलं हाय. परवा त्यायच्या वडिलांची पुण्यतिथी हाय, ते सोता येऊन राहिले. यंदा नवा कूलर देतो म्हणाले."

"गुरुजी, मशीन ठेवाची का कव्हर, तुमी सांगा."

गुरुजींनी विचार केला. आणि त्यांना विचार करायला वेळ लागला, यातच सगळं आलं. रागिणीनं वाट पाहिली नाही. तिनं पहिली शिवण उसवली. मग गुरुजींनी, खाली मान घालून, गळ्यातली किल्ली तिच्यापुढे ठेवली.

पुण्यतिथीच्या सकाळी जानरावशेठ आले तेव्हा अभ्यासिकेच्या भिंतीवर सगळी मरून कव्हरं एका ओळीत ठोकलेली होती, सोनेरी नावं बाहेर, आणि वरून लीलाबाईच्या हातचा झेंडूचा लांबलचक हार. गुरुजी नारळ घेऊन दाराशीच थांबले होते. शेठनी चष्मा पुसला. वडिलांचं नाव या टोकापासून त्या टोकापर्यंत वाचलं. एवढ्यांदा तेच नाव वाचायला त्यांना जराही कंटाळा आला नाही.

"आता दिसते," ते म्हणाले. "मशीनीच्या पाठीवर होते तं दिसाचंच नाई." त्यांनी खरोखर डोळे टिपले, फोटो काढून घेतले, कूलर दोन देतो म्हणाले आणि गेले. भिंतीखालच्या टेबलांवर पोरं उघड्या नेटबुकांवर बसली होती. त्यांच्याकडे शेठनी एकदाही पाहिलं नाही. एक मशीन जळून गेलं हे सांगायला रागिणी पुढं झाली होती, पण ऐकणारं कुणी नव्हतं. तिला राग आला. आणि बापाच्या नावापुढं डोळे टिपणारा तो म्हातारा आठवून थोडी दयाही आली, याचाही रागच आला.

त्यानंतर उघडं नेटबुक पूर्ण उतारा चालायचं. पण रागिणीच्या बोटांना ते पटेना. निम्म्या उताऱ्यानंतर आता हे मरणार म्हणून ती आपोआप धावत सुटायची. ललितनं सांगून पाहिलं, "आता नाई पडत बंद, सावकाश कर." त्याच्या शब्दावर विश्वास ठेवायची सवय तिच्या बोटांना उरली नव्हती.

चाचणीच्या दिवशी ललित तिला गाडीवर बसवून केंद्रावर घेऊन गेला. आतमध्ये गार हवा होती. घंटा झाली. रागिणी टायपायला लागली, आणि निम्मा उतारा झाल्यावर तिची बोटं सुटली. पडदा काळा व्हायच्या आत गाठायला हवं, एवढंच डोक्यात. शेवटचा पूर्णविराम दिला तेव्हा वेळ उरला होता. ती पडद्याकडे पाहत बसली. तो काळा होत नव्हता. पर्यवेक्षिका बाई जवळ आल्या, हळूच म्हणाल्या, "झालं असेल तर चुका बघून घ्या." तिनं चुका पाहिल्या, दुरुस्त केल्या. तरी पडदा उजळच. मग हात मांडीवर घेऊन ती गुपचूप रडली.

बाहेर ललित फाटकाशी उभा होता. त्यानं आधी विचारलं ते त्याच्या स्वभावाला धरूनच होतं.

"मशीनीत काय होतं? विंडोज होतं का लिनक्स?"

"नाई पाह्यलं."

"आं? एवढ्या वेळ समोर बसली आन् पाह्यलं नाई?"

"बंद नाई पडलं, दादा," रागिणी म्हणाली. "आखरीपर्यंत बंद नाई पडलं."

ललितनं तिच्या बसायची जागा रुमालानं पुसली. मग त्यानं गाडीला किक मारली.