भेट-पत्रकावरची दुसरी सही

मंगळवारी सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटांनी बालसंरक्षण कार्यालयाची एक कार्यकर्ती गृहभेटीला गेली असताना तिसऱ्या मजल्याच्या जिन्यावरून खाली पडली. पडली म्हणजे ढकलली गेली. उजवं मनगट मोडलं, कपाळाला पाच टाके पडले. पत्रकावर या भेटीला दोघी गेल्याची नोंद होती आणि खाली दोन सह्या होत्या. जिन्यात ती एकटीच सापडली.

दुसरी सही ताईंची होती.

ताई या कार्यालयातल्या सगळ्यात जुन्या, एकवीस वर्षांची नोकरी झालेल्या. त्या वेळी त्या गावाच्या दुसऱ्या टोकाला, दुसऱ्याच घरात बसल्या होत्या, आणि तिथल्या पत्रकावर दुसरी सही या पडलेल्या पोरीची होती. कार्यालयाची रीतच तशी पडली होती. नियम सांगतो, गृहभेटीला दोघींनी जायचं. चार वर्षांपूर्वी माणसं निम्मी केली तेव्हा नियमाला कोणी हात लावला नाही. सकाळी टेबलावर कोरी पत्रकं मांडली जायची आणि चहा निवायच्या आत सगळ्या जणी एकमेकींच्या पत्रकांवर सह्या करून आपापल्या वाटेला लागायच्या. साहेबांना हे पक्कं ठाऊक होतं. सहा जणी एका दिवशी बारा घरांत जोडीनं कशा जातात, हा प्रश्न त्यांना कधी पडला नाही. पडू द्यायचा नव्हता.

दवाखान्यात ताई पोचल्या तेव्हा बाहेरच्या बाकावर पोरीची आई बसली होती.

“तुम्हीच का त्या ताई?”

“हो.”

“घरी उठता-बसता तुमचंच नाव. ताई असं म्हणाल्या, ताई तसं म्हणाल्या. मी म्हणायचे, मला सवतच आली.” ती हसली नाही. “तुमच्या ऑफिसातून माणूस आला होता. दोघी गेल्या होत्या म्हणाला. मग ती पडली तेव्हा तुम्ही कुठं होतात?”

उत्तर अगदी सोपं होतं.  “येते आत जाऊन,” एवढंच बोलून ताई आत गेल्या.

पोरीला सगळे चिमणी म्हणत. चणीनं लहान, आणि तोंडाला खंड नाही. आज तोंड सुजलेलं, तरी बडबड चालूच.

“चुकलं माझं, ताई. दाराकडे पाठ केली. मुलीच्या पाठीवरचे वळ बघायला वाकले आणि घरातला तो माणूस मागून आला. दंडाला धरून थेट बाहेर, जिन्यावरून खाली. तुम्ही बजावलं होतंत, दाराकडे पाठ करायची नाही म्हणून.”

 नव्या पोरींना ताई किती गोष्टी शिकवत. बिनटाचेचे बूट घाल. आधी घरातल्या मोठ्या माणसाशी बोल, मग मुलाशी. दाराकडे तोंड करून बस. रडू आलं तर कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत दम धर. एवढं सगळं शिकवलं, पण एकटी जाऊ नकोस, हे कधी सांगितलं नाही. उलट एकटी जायला सही करून दिली.

“तुझं काही चुकलं नाही,” त्या म्हणाल्या. “माझ्याकडे बघ. काही चुकलं नाही.”

चार वाजता साहेबांनी बोलावलं. ताईंच्या नावानं टाइप केलेला जबाब टेबलावर तयार होता. मी खाली फोनवर बोलत होते, मी येईपर्यंत थांब असं सांगूनही सहकारी एकटीच आत गेली. फक्त सही बाकी.

“आठ महिन्यांची नोकरी तिची,” साहेब समजुतीनं म्हणाले. “तरुण आहे, दुसरीकडे मिळेल. तुमच्या एकवीस वर्षांवर कशाला पाणी सोडता?”

“मी तिथं नव्हतेच.”

“ते तुम्ही बोलताय. कागद काय म्हणतो? आणि खरं लिहिलंत तर सहाही जणींच्या सह्या उघड्या पडतील. उद्या कुठलाही वकील प्रत्येक पत्रकाच्या चिंध्या करेल. किती मुलं परत त्याच घरांत जातील, याचा विचार केलात?”

“हा विचार पत्रकं मांडताना नाही सुचला वाटतं.”

“सही तुम्ही केलीत. मी नाही.”

“खरंय. म्हणून लिहिणारही मीच.”

नियम बायकांच्या जिवासाठी केला होता. चार वर्षं तो साहेबांची खुर्ची सांभाळत होता, आणि आता त्याच नियमाचा फास करून मनगट मोडलेल्या पोरीच्या गळ्यात घालायचा होता. ताईंनी तो जबाब सही न करता साहेबांकडे परत सरकवला.  

बाहेर त्यांनी उरलेल्या चौघींना बसवून सगळं सांगितलं. चौघींत जिला सगळे फौजदार म्हणत ती फटकन बोलली, “ताई, तुम्ही सती जाणार, आणि आम्ही काय, लाकडं? आम्हाला विचारायचं तरी.”

“विचारायलाच बसलेय. ऐका. आपण सह्या का केल्या? मूल वाट बघत असतं, भेट चुकू नये म्हणून. आपल्या त्या चांगुलपणावर कोणीतरी दोन बायकांचं काम एकीत उरकून घेत होतं. घाबरू नका असं मी म्हणणार नाही. घाबरा, आणि दोघी जा.”

“आणि दुसरी नसेल तर?”

“तर तसं लिहायचं. दुसरी कार्यकर्ती नव्हती, भेट झाली नाही.”

“आणि आत मूल असेल ते?”

  “त्याचं उत्तर शोधायची पाळी दर वेळी याच टेबलावर का यावी? वरच्या मजल्यावर का येऊ नये?” ताई चिडून म्हणाल्या.

बुधवारी साडेनऊला ताईंनी हातानं लिहिलेला दोन पानी जबाब आवक विभागात दिला. त्यात चार वर्षांची रीत होती, आणि साहेब ती पत्रकं तपासत असत, हेही. प्रतीवर शिक्का घेतल्याशिवाय त्या खिडकीपासून हलल्या नाहीत. तिथून दवाखान्यात गेल्या आणि ती प्रत चिमणीच्या आईच्या हातात दिली. आईनं दोन्ही पानं वाचली. “म्हणजे माझी पोर रोज एकटीच जात होती,” ती म्हणाली आणि कागद परत दिला नाही.

गुरुवारी फौजदारनं तसाच जबाब दिला. उरलेल्या तिघी विचार करतायत.

शुक्रवारी सकाळी ताईंना चौकशी संपेपर्यंत कार्यालयात न येण्याचं पत्र मिळालं. साहेब कामावर आहेत. ढकलणारा माणूस जामिनावर घरी आला आहे. त्या घरची पुढची भेट गुरुवारी ठरली होती. दुसरी कार्यकर्ती नसल्यानं ती झाली नाही. शुक्रवारी दुपारी एक वाजता त्या घरातल्या मुलीच्या शाळेतल्या बाईंचा ताईंना फोन आला. मुलगी मंगळवारपासून वर्गात आलेली नाही.