रेघेबाहेरची म्हैस

चंद्रीने पुढचे दोन्ही पाय रोवले आणि मान खाली घालून ती रस्त्यावरच्या पांढऱ्या रेघा हुंगू लागली. चिमणाबाईने दाव्याला हिसका दिला, पाठीवर थाप मारली, शेवटी शेपूट पिरगाळलं; पण म्हैस काही रेघांवर पाय टाकेना. मागून येणाऱ्या दोन म्हशीही तिच्या शेपटाशी येऊन थबकल्या. गंगावेशीतला संध्याकाळचा रस्ता तुंबला आणि हॉर्न वाजू लागले.

"आगं ए पोरी!" चिमणाबाईने फुटपाथवर उभ्या असलेल्या शांभवीला हाक घातली. "ह्यो रंग कुनी फासलाय हितं?"

"आम्हीच, मावशी. दुपारी. सायकलींसाठी."

"सायकलीसाठी? आन् माझ्या म्हशीनं कुठं हुबं ऱ्हायाचं? तुझ्या डोस्क्यावर?"

कट्ट्यावर दुधासाठी बसलेली माणसं हसली. शांभवीलाही हसू आलं असतं, पण आज तिला ते परवडणारं नव्हतं.

गंगावेशीतून रंकाळ्याकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला सायकलींसाठी वेगळा पट्टा हवा, म्हणून तिच्या सायकलवाल्या गटाने वर्षभर अर्ज, निवेदनं, बैठका असं सगळं केलं होतं. अखेर एक आठवडा चाचणी करून बघा, असं महापालिकेचं उत्तर आलं. तो आठवडा आज संपत होता. रस्ते विभागाचे अभियंता राजवर्धन साहेब संध्याकाळी येऊन स्वतः बघणार होते. पट्टा मोकळा आणि वापरात दिसला तर राहील, नाहीतर उद्या त्यावर काळा रंग फिरेल. गटातल्या बाकीच्यांसाठी ही चळवळ होती. शांभवीसाठी त्यात आणखी एक गोष्ट होती: याच वळणावर एका टेम्पोने तिच्या आईला घासलं होतं, आणि तेव्हापासून आईची सायकल जिन्याखाली उभी होती. हे तिने गटात कुणाला सांगितलं नव्हतं.

आठवडा काही बरा गेला नव्हता. पट्ट्याच्या कडेने ठेवलेले प्लॅस्टिकचे नारिंगी शंकू पहिल्याच दिवशी रिक्षावाल्यांनी पायाने सरकवले. दुसऱ्या दिवशी एक शंकू वडापावच्या गाडीवर उलटा, चटणीच्या डब्याला टेकण म्हणून सापडला. दिवसभर मोटारी पट्ट्यात लागायच्या, आणि संध्याकाळ झाली की म्हशी यायच्या. ताजं, धारोष्ण दूध प्यायला निम्मं शहर या कट्ट्यावर येतं. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत धार काढायची आणि फेसाळ ग्लास हातात द्यायचा, ही इथली जुनी रीत.

शांभवीने भौतिकशास्त्रात एम.एस्सी. केलं होतं. या रस्त्याचा नकाशा तिने स्वतः काढला होता, आणि त्यात विजेचे खांब होते, गटारींची झाकणं होती, रिक्षा थांबा होता, फुटपाथची उंचीसुद्धा होती. म्हशी नव्हत्या. लहानपणी बाबांच्या खांद्यावर बसून ती इथेच दूध प्यायला यायची, ओठांवर मिशी घेऊन घरी जायची. तरीही नकाशा तपासणाऱ्या कुणालाच काही राहिल्याचं जाणवलं नव्हतं. सगळेच इथले. सूर्य कुठे उगवतो हे जसं कुणी नकाशात काढत नाही, तशा म्हशी राहून गेल्या.

शेवटी आज दुपारी, पट्टा निदान साहेबांच्या नजरेत भरावा म्हणून, गटाने कट्ट्यासमोरच्या तुकड्यात शिडीसारख्या जाड आडव्या पांढऱ्या रेघा ओढल्या होत्या.

"मावशी, आजच्या दिवस पलीकडं बांधा की," सूरज म्हणाला. तो गटातला सगळ्यात मोठ्या आवाजाचा गडी. शिरोलीच्या एका कारखान्यात कामाला होता आणि आज अर्धी रजा टाकून आला होता.

"पलीकडं बांधली की पान्हा चोरतीया, दूध सोडत न्हाय. जाग्याची जनावरं हैत ती, तुमच्यागत न्हाईत, आज हितं उद्या पुन्याला." चिमणाबाईने पदर खोचला. "दिवाळीच्या पाडव्याला म्हशींच्या शर्यतीत मोटारसायकलीमागं पळती ही. हॉर्नला भीत न्हाय, फटाक्याला भीत न्हाय. आन् ह्या चार रेघांना भ्याली! काय जादू घातलीया रं ह्यात?"

शांभवी वाकून म्हशीच्या डोळ्यांकडे पाहत होती. चंद्रीची नजर खाली, काळ्या डांबरावर.

"तिला खड्डे दिसत असतील," ती हळूच म्हणाली. "पांढऱ्या पट्ट्यांच्या मधलं काळं तिला खोल वाटत असणार. जनावरांना खाली बघून खोलीचा अंदाज पटकन येत नाही."

"मग रस्त्याच्या सायबाला बी येत न्हाय," सूरज म्हणाला. "त्याला बी आपल्या रस्त्यावरचं खड्डं दिसत न्हाईत."

कट्टा पुन्हा हसला. चिमणाबाई मात्र हसली नाही. गिऱ्हाईक ताटकळलं होतं. शेवटी तिने म्हैस जिथे अडली होती तिथेच, रेघांच्या बाहेर, रस्त्याच्या अंगाला, पट्ट्याच्या कडेकडेने उभी केली. बाकीच्या दोघी तिच्यामागे रांगेत लागल्या. चिमणाबाईने सरकीची पाटी पुढ्यात ठेवली आणि कासेला हात घालून बसली.

"आज हिनं पान्हा चोरला, तर उद्यापास्नं तुझ्या दारात आनून बांधीन. मग बस धार काढत."

शांभवी तशीच वाकून बघत राहिली. तिला स्वतःलाच कळेना की आपण कशाची वाट बघतोय. चिमणाबाई कास चोळत होती, तोंडाने चुचकारत होती. चंद्रीने सरकीत तोंड घातलं, एकदा कान हलवला. मग पितळी चरवीत पहिली धार वाजली, पाठोपाठ दुसरी, आणि कट्ट्यावरून कुणीतरी "जमलं, जमलं!" म्हणालं.

शांभवी सरळ उभी राहिली, आणि तेव्हा तिला रस्ता दिसला.

एक मोटार नेहमीसारखी कडेला घुसायला आली आणि चंद्रीची शिंगं बघून मुकाट पुढे गेली. मागच्या रिक्षाने लांबूनच वळसा घेतला. ज्यांनी आठवडाभर शंकू लाथाडले होते, त्यांच्यातला एकही म्हशीच्या वाटेला जाईना. तीन काळ्या पाठींची भिंत उभी राहिली होती. आणि भिंत व फुटपाथ यांच्यामध्ये, शिडीसारख्या रेघांचा तो पट्टा, आठवड्यात पहिल्यांदाच रिकामा होता.

कॉलेजच्या दोन मुली सायकलवरून त्यात शिरल्या. पुढची मागे वळून बोलत होती, अगदी निवांत. मग शेगड्या दुरुस्त करणारा एक माणूस, कॅरियरवर अवजारांची पेटी बांधलेला. मग टोपी घातलेले एक आजोबा. ते चंद्रीच्या शेपटाजवळून जाताना जरा आत सरकले आणि घंटी वाजवून पुढे गेले. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं.

"शांभवी," सूरजने कोपराने ढोसलं. "सायब."

राजवर्धन साहेब केव्हाचे कट्ट्यापाशी उभे होते. त्यांच्या हातात दुधाचा ग्लास होता आणि मिशीला फेस लागला होता. त्यांनी मिशी पुसली.

"पट्टा मोकळा आहे, लोक वापरतायत," ते म्हणाले. "पण म्हशी रस्त्यात उभ्या आहेत. हे माझ्या अहवालात बसत नाही. तुम्ही एक करा. एका ओळीची तक्रार द्या, जनावरांचा अडथळा म्हणून. कट्टा आम्ही दुसरीकडं हलवू, आणि पट्टा कायम करू. माझी शिफारस समजा झाली."

सूरजने तिच्याकडे पाहिलं. वर्षभर ज्यासाठी खेटे घातले ते एका ओळीवर आलं होतं. शांभवीने पिशवीतून पेन काढलं. समोर चिमणाबाई दुसऱ्या म्हशीच्या कासेला भिडली होती. तिला यातलं काही ऐकू गेलं नव्हतं. पट्ट्यातून आणखी एक सायकल गेली. चालवणारी बाई कडेच्या गर्दीकडे नाही, सरळ पुढे बघत होती.

"तक्रार नाही साहेब," शांभवी म्हणाली. "अर्ज देते. म्हशी रेघेच्या बाहेरच, आता आहेत तिथं, उभ्या करायला परवानगी मिळावी म्हणून."

साहेबांनी ग्लासातला शेवटचा घोट घेतला.

"आणि म्हशी घरी गेल्यावर?"

"तेवढ्याच जड कुंड्या ठेवा. शंकू नकोत. शंकूला कुणी भीत नाही."

"म्हशीसाठी अर्ज," साहेब स्वतःशीच बोलले. मग ग्लास कट्ट्यावर ठेवत म्हणाले, "मालकिणीची संमती लागेल. अर्ज आला की मुदत वाढवतो. तोवर रंग पुसायला माणूस पाठवत नाही." ते गाडीकडे वळले आणि, तिन्ही म्हशींकडे एकदा बघून, गाडी त्यांच्यापासून जरा लांबून वळवून घेऊन गेले.

सूरजने दोन्ही हात डोक्यावर ठेवले. "कायम देत हुता की गं त्यो! कायम!"

"हो," शांभवी म्हणाली. ती हसत होती.

ती चिमणाबाईपाशी जाऊन उकिडवी बसली आणि तिने सगळं सांगितलं. चिमणाबाईने धार न थांबवता ऐकून घेतलं. सही म्हटल्यावर तिच्या कपाळाला आठी पडली. तिने चरवीतलं दूध ग्लासात ओतलं आणि शांभवीसमोर धरलं.

"घे आधी. अर्ज काय गार हुत न्हाई, दूध हुतंय."

शांभवीने दोन्ही हातांनी ग्लास धरला. दूध कोमट होतं, फेसाला सरकीचा वास होता. तिचं पिऊन होईपर्यंत चिमणाबाईने सरकीची पाटी पुढच्या म्हशीकडे सरकवली. मग पदराला हात पुसत म्हणाली,

"आन् त्या कागदात चंद्रीचं नाव घाल, पोरी. न्हाईतर उद्या दुसऱ्या कुनाची आनून हुबी करतील माझ्या जाग्याला."