पांगाऱ्याचा जबडा

फाल्गुन उतरला. डोंगर खापरासारखे भाजून निघाले, ओढ्यांची पात्रं पांढरीफटक पडली, आणि त्या उजाड, उदास, उष्णश्वासी पसाऱ्यात एकटा पांगारा तेवढा पेटला. पान नाही, सावली नाही. नुसती रक्तवर्णी, वक्रचंचू फुलं. लखमा भोयेने झाडापुढे हात जोडले, आणि मग कुऱ्हाड घातली.

पांगाऱ्याचं लाकूड हलकं, म्हणून राक्षसाच्या मुखवट्याचा जबडा पांगाऱ्याचा. वरचा चेहरा कागदाच्या लगद्याचा, मेथीचं पीठ कालवून थापलेला; भाळ विशाल, भुवया भयंकर, डोळे आरक्त. पण सोंगाचा जीव असतो तो खालच्या जबड्यात. चामड्याच्या बिजागरीवर तो लोंबतो, आणि त्याचा पट्टा सोंग घेणाऱ्याच्या हनुवटीखालून जातो. माणसाने तोंड उघडलं की राक्षस तोंड उघडतो. माणूस मिटला, की उरतं लाकूड.

चैत्रात पाड्यावर बोहाडा असतो. देवांची, दानवांची सोंगं नाचतात, आणि सगळ्यांत शेवटी, उजाडताना, राक्षस देवीपुढे येतो. सूर्य डोंगरावर यायच्या आत त्याने तीनदा जबडा उघडायचा, तीनदा आरोळी द्यायची. एक जरी चुकली, तर सोंगाचा मान त्या घरातून जातो आणि परत येत नाही. भोयांच्या घरी हा मान आज्याच्या आज्यापासून होता. गेली वीस वर्षं लखमा सोंग घडवत होता, आणि त्याचा थोरला भाऊ रावजी ते अंगावर घेत होता.

ह्या पौषात रावजीच्या अंगावरून वारं गेलं.

उजवा हात गेला, उजवा पाय फरफटू लागला, उजवा अर्धा चेहरा पावसाने खचलेल्या बांधासारखा खाली आला. ज्या गळ्याने सात पाडे हादरायचे, त्या गळ्यातून आता घरघर तेवढी येई. त्याची बायको जिवली त्याला नाचणीची पेज भरवी, आणि तो भिंतीकडे तोंड करून गिळी. आपलं ओघळणारं तोंड त्याला कोणाला दाखवायचं नव्हतं.

भात झोडून झालं की दरवर्षी लखमा दोरा घेऊन भावापुढे बसायचा. एका कानापासून हनुवटीखालून दुसऱ्या कानापर्यंत माप. तिथे गाठ, आणि दोरा देव्हाऱ्यात. रावजी खदखदून हसायचा. "नीट मोज रं, बैलाचं दावं नाय करायचं!"

यंदा दोरा घ्यायला उशीर झाला. पाड्यावरचे लोक म्हणाले, आता तूच घे सोंग. लखमा हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही. पण एका दुपारी, जिवली बाहेर आणि रावजी झोपेत असताना, त्याने तो दोरा स्वतःच्या हनुवटीखालून घेतला, गाठ मारली आणि देव्हाऱ्यात ठेवला. वीस वर्षं दुसऱ्यासाठी तोंडं घडवणाऱ्याला स्वतःचं तोंड हवं होतं. आपल्याला आनंद झाला आहे हे त्याला कळलं, आणि त्या आनंदाची त्याला भीती वाटली.

जबडा कोरला गेला. दात बसले. पट्टा शिवला गेला, लखमाच्या मापाचा.

रंगासाठी डिंक आणायला लखमा रानात गेला. परतला, तेव्हा पडवीत राक्षस बसला होता. बिनरंगाचा, मातकट, मूक. आतून श्वासाची घरघर येत होती. पट्टा हनुवटीखाली ढिला लोंबत होता, आणि जबडा हलत नव्हता. जिवली दारात उभी होती.

"त्यांनीच मागितलं. हातानं दाखवलं," ती म्हणाली. "मी चढवलं."

रावजीने डाव्या हाताने सोंग उतरवलं. उठला, पाय ओढत देव्हाऱ्याशी गेला, दोरा घेऊन आला. एक टोक त्याने जिवलीच्या हातात दिलं, दुसरं स्वतः धरलं, आणि दोरा लखमाच्या हनुवटीखालून घेतला. कानापासून कानापर्यंत बरोबर बसला. रावजी दोरा परत देव्हाऱ्यात ठेवून आत गेला आणि भिंतीकडे तोंड करून बसला.

लखमाने पट्टा त्याच संध्याकाळी कापला. दुसऱ्या दिवशी पेजेच्या वेळी तो भावामागे जाऊन बसला. "दादा, इकडं तोंड कर. तुझंच माप घ्यायचंय."

पाठ हलली नाही. पुढच्या दिवशीही नाही, त्याच्या पुढच्या दिवशीही नाही. शेवटी जिवलीने भरवता भरवता दुसरा हात नवऱ्याच्या हनुवटीखाली धरला आणि लखमाकडे न बघताच म्हणाली, "डावीकडं हलतंय, भावजी. दोन बोटं. उजवीकडं कायच नाय."

त्या दोन बोटांवर लखमाने जबडा पुन्हा घडवला. उजवी बाजू पक्की बांधली. डावीकडे बांबूची कामटी अशी अडकवली, की दोन बोटांच्या हालचालीने वीतभर तोंड उघडावं. वाकडं, विक्राळ, अर्धं तोंड. असला राक्षस पाड्याने कधी पाहिला नव्हता.

बोहाड्याची पहाट फुटली. धूळ तांबूस झाली, संबळ कडाडला, आणि अर्धमुखी, अग्निवर्ण असुर पाय ओढत देवीपुढे आला. पाठीमागून त्याची कंबर धरून लखमा चालत होता. संबळ थांबला. जबडा उघडला, डावीकडून, थरथरत, वीतभर.

आणि आवाज आला नाही.

जबडा घडवताना लखमा आरोळी विसरला होता. वीस वर्षं त्याने लाकूड कोरलं होतं. आवाज आपोआप आला होता, दादाचा होता, त्याला घडवावं लागलं नव्हतं. माणसं वाट बघत होती. जिवलीने डोळे मिटले. तेव्हा सोंगाच्या पाठीशी वाकलेल्या लखमाच्या गळ्यातून आरोळी फुटली, फाटकी, रानटी, त्याची त्यालाच अनोळखी. माणसं मागे सरकली.

जबडा मिटला. पुन्हा उघडला. पुन्हा आरोळी.

तिसऱ्यांदा जबडा उघडेना. कामटी करकरली, दादाची कंबर घामाने भिजली, डोंगराची कड सोन्यासारखी पिवळी होऊ लागली. लखमाच्या छातीत आरोळी येऊन थांबली होती. ती आता सोडली असती, तर मिटल्या जबड्याकडे कोणी बघितलं नसतं आणि मान वाचला असता. पण मग ती एकट्या लखमाची झाली असती. त्याने श्वास कोंडला. तो थांबला. घराचा मान, आज्याचा आज्या, उगवता सूर्य, सगळं त्या दोन बोटांवर सोपवून थांबला.

हनुवटी दोन बोटं हलली. जबडा उघडला. आरोळी गेली, आणि तिच्यामागून ऊन आलं.

"यंदाचं सोंग लई भ्याव दाखवतंय," एक म्हातारा म्हणाला, आणि पाया पडला.

घरी जिवलीने पेज वाढली. लखमाच्या मापाचा दोरा देव्हाऱ्यात तसाच पडून होता. कोणी उचलला नाही, कोणी फेकला नाही. लखमाचा गळा बसला होता. आता त्या घरात दोन भाऊ होते, आणि दोघांनाही आवाज नव्हता.

खुंटीवर सोंग होतं, अर्धं तोंड उघडं. खाली रावजी होता, अर्धं तोंड उघडं. जिवलीच्या हातातली वाटी त्याने डाव्या हाताने लखमाकडे ढकलली. मग हळूहळू, पाय ओढत, भिंतीकडे पाठ केली, भावाकडे तोंड केलं, आणि घासाची वाट बघत बसला.