पत्ता चुकलेले फोटो

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. जगन आणि संगिता या नवराबायकोनं डोंगरकडा गावातल्या आपल्या फोटो स्टुडिओत मला आणलं, ते दोन हजार चार साली. नाव सांगितलं की मी त्या माणसाचा चेहरा पडद्यावर आणायचो. लोक कौतुकानं म्हणायचे, "याच्या डोक्यात अख्खं गाव हाय!"

सुरुवातीला नावं आणि फोटो एकाच डेटाबेसमध्ये, एकाच फाइलीत असायचे. सगळं एकत्र, म्हणून चुकामूक नव्हती. पण लग्नसराईत ती फाइल फुगली. ती उघडेपर्यंत गिऱ्हाईक चहा पिऊन यायचं. त्यात एकदा ऐन कामात लाइट गेली आणि फाइल उघडेचना. नांदेडच्या संगणक दुरुस्तीवाल्यानं ती कशीबशी दुरुस्त केली. तेव्हा संगितानं फोटो वेगळ्या फोल्डरांत काढले. डेटाबेसमध्ये राहिलं फक्त नाव आणि फोटो कुठं ठेवलाय तो पत्ता. मी हलका झालो, भराभर चालू लागलो.

दिवाळीच्या आवराआवरीत जगननं माझे फोल्डरही आवरले. फोटो सालाप्रमाणे नव्या जागी ठेवले. पत्ते मात्र जुनेच राहिले.

मग एका सकाळी तांड्यावरची निर्मलाबाई धापा टाकत आली. तिच्या सासऱ्यांना, रतनसिंगांना, म्हातारपणी काही आठवेनासं झालं होतं. ते आदल्या दिवसापासून घरी नव्हते. पोलिसांनी फोटो मागितला होता आणि त्यांचा एकुलता एक फोटो माझ्याकडे होता.

संगितानं नाव टाकलं. नाव आलं, पण फोटोची चौकट रिकामीच.

"काहून दिसून न्हाई राहिला?" निर्मलाबाई रडवेली झाली.

जगनचा चेहरा उतरला. "म्या जागा बदलली."

"फोटो हाय," संगिता म्हणाली. "त्यायचा कोनता, ते याला कळंना. भाभी, बसा. तुमीच वळखा."

ती एकेक फोटो उघडत गेली. नवरदेव, शाळकरी पोरं, काजळ घातलेली लेकरं. निर्मलाबाई डोळे पुसायची आणि पुन्हा बघायची. दुपार कलली तेव्हा ती ओरडली, "थांब बाई! हेच मामाजी!"

जगननं फोटोच्या प्रती काढल्या आणि मोटारसायकलवर फिरून जीपवाल्यांना, कंडक्टरांना वाटल्या. दुसऱ्या दिवशी शिरड शहापूरच्या एका हॉटेलवाल्यानं फोटो बघितला. म्हातारबाबा त्याच्याच बाकड्यावर बसले होते.

निर्मलाबाई त्यांना स्टुडिओत घेऊन आली. पडद्याकडे बघून त्यांनी विचारलं, "ह्यो कोन?"

"तुमीच की, मामाजी."

"असंल," म्हणून ते हसले.

संगितानं मग सगळे पत्ते नव्यानं भरले आणि नावं नि फोटो यांची मिळून सीडी करायला लागली. आता नवा संगणक आलाय. माझ्यावर कापड असतं.

मित्रांनो, फोटो डेटाबेसात ठेवा नाहीतर फोल्डरात. पण जागा बदललीत तर पत्ताही बदला, आणि दोन्हींची प्रत जपा. त्या सकाळी रतनसिंगांचं नाव माझ्याकडे होतं, चेहराही होता. तरी त्यांना ओळखायला सूनच यावी लागली.